यादी ज्यांच्या हाती असते

विद्यालयाशी असलेले नाते पदवी हाती पडली की संपते, अशी आपल्याकडे सर्वसाधारण समजूत आहे. निरोपसमारंभाच्या दिवशी काढलेले समूहचित्र भिंतीवर लटकत राहते. मागच्या रांगेत कोण उभे होते हे दहा वर्षांनी आठवत नाही. आणि आठवलेच तरी ते माणूस आज कोठे आहे, कोणत्या अवस्थेत आहे, याची विचारपूस करणे हे आपले काही कर्तव्य आहे असे कोणास वाटत नाही. अमेरिकेतील स्त्रियांच्या जुन्या महाविद्यालयांत मात्र या नात्याला निराळे वळण लागलेले आढळते. त्या वळणाचा विचार करताना आमच्यासमोर एक असा नैतिक प्रश्न उभा राहिला, की जो त्या महाविद्यालयांपुरता राहत नाही. देवस्थानाच्या समितीत, ज्ञातिसंस्थेत किंवा ग्रंथालयाच्या कार्यकारी मंडळात काम करणाऱ्या प्रत्येकाला तो केव्हा ना केव्हा भेटतोच. म्हणून त्याचा थोडा विस्ताराने परामर्श येथे घ्यावा असे योजिले आहे.

प्रथम वस्तुस्थिती सांगावयास हवी. माउंट होल्योक ही संस्था मेरी लायन या विदुषीने १८३७ साली काढली. व्हासार १८६५ साली सुरू झाले. वेलस्ली आणि स्मिथ ही दोन्ही १८७५ साली, आणि ब्रिन मॉर १८८५ साली. या संस्थांतून एका वर्षी पदवी घेऊन बाहेर पडणाऱ्या मुलींचा जो मेळा, त्याला तेथे ‘क्लास’ म्हणतात. आपण त्याला वर्ग म्हणू. परंतु हा वर्ग म्हणजे शाळेतली खोली नव्हे. तो एकदा बांधला गेला की शेवटची वर्गभगिनी हयात असेपर्यंत मोडत नाही. वेलस्लीला तर प्रत्येक वर्गाचा रंगदेखील ठरलेला असतो, आणि चार रंग आळीपाळीने फिरत असल्यामुळे नव्या मुलींना आपला रंग चार वर्षांपूर्वीच्या वर्गाकडून वारशाने मिळतो. वर्गाला अध्यक्ष असते, चिटणीस असते, निधी जमवणारी असते. दर पाच वर्षांनी वर्ग महाविद्यालयाच्या आवारात पुन्हा जमतो. या कामाला वेतन नाही. चिटणीसबाई पत्रे लिहिते, उत्तरांची वाट पाहते, कोणाला नातू झाला, कोणाचे यजमान गेले, कोणी पन्नाशी उलटल्यावर नवी विद्या आरंभिली, हे सारे गोळा करून महाविद्यालयाच्या नियतकालिकात छापावयास देते. तारुण्यात हाती घेतलेले हे काम अनेकींनी केस पांढरे होईतो चालविले आहे.

या सगळ्याच्या मुळाशी एक यादी असते. ही यादी राखणे दिसते तितके सोपे नाही. लग्न झाले की स्त्रीचे आडनाव बदलते, पुनर्विवाह झाला की पुन्हा बदलते, बिऱ्हाडे हलतात, पत्रे परत येतात. म्हणून या याद्यांत सासरच्या नावाबरोबर माहेरचे नावही छापण्याचा प्रघात पडला. आणि याहूनही एक विशेष रिवाज आहे. ज्या मुली मध्येच शिक्षण सोडून गेल्या, कोणी लग्नामुळे, कोणी आजारपणामुळे, कोणी घरची परिस्थिती ओढवल्यामुळे, त्यांचीही नावे अनेक महाविद्यालयांत त्या वर्गाच्या यादीत राहतात. पदवी मिळाली नाही. परंतु ती आमच्याबरोबर आली होती, एवढे पुरेसे मानले जाते. आम्हांस विचाराल तर वर्गनिधीच्या सगळ्या आकड्यांपेक्षा या एका रिवाजात अधिक मनुष्यत्व आहे.

अलीकडे या स्वयंसेविकांच्या तोंडी दोन शब्द नेहमी जोडीने येतात: समुदाय आणि समावेश. आपण आपल्या समुदायाशी बांधलेल्या आहोत आणि सर्वांना सामावून घेण्यासही बांधलेल्या आहोत, असे त्या म्हणतात. ऐकावयास हे गोड वाटते. परंतु थोडे थांबून पाहिले तर हे दोन शब्द एकमेकांस विरुद्ध दिशांना ओढतात हे ध्यानात येईल. समुदाय म्हटला की त्याला सीमा आली. आत कोण, बाहेर कोण, हे ठरल्यावाचून ‘आपण’ हा शब्दच उच्चारता येत नाही. समावेश म्हणजे ती सीमा पुसणे, निदान मागे सारणे. मग आपल्या माणसांवरची माया हा सद्गुण आहे, की तो दार लावून घेण्याचा एक सभ्य प्रकार आहे? आणि दार सताड उघडे टाकले तर माया करावयास ‘आपले’ असे कोणी उरते काय?

हा प्रश्न हवेत सोडविता येणार नाही. या स्त्रियांच्या इतिहासातच त्याचे उत्तर शोधिले पाहिजे, कारण तो इतिहास दोन्ही बाजूंची साक्ष देतो.

१८७३ साली बोस्टनचे एक डॉक्टर, एडवर्ड क्लार्क, यांनी एक पुस्तक लिहून असे प्रतिपादिले होते की उच्च शिक्षणाच्या ताणाने स्त्रीचे शरीर, विशेषतः मातृत्वाची शक्ती, खालावते. पुस्तक फार खपले, आणि मुलींच्या वडिलांना ते शास्त्र वाटले. पुढे १८८१ च्या नोव्हेंबरात बोस्टन येथे आठ महाविद्यालयांच्या सतरा पदवीधर स्त्रिया जमल्या व त्यांतून पदवीधर स्त्रियांचा एक संघ निघाला. व्हासार, स्मिथ व वेलस्ली यांच्याबरोबर ओबर्लिन, कॉर्नेल, मिशिगन, विस्कॉन्सिन आणि बोस्टन विद्यापीठ यांच्या विद्यार्थिनी त्यांत होत्या. क्लार्कसाहेबांच्या आक्षेपाला त्यांनी वादविवादाने उत्तर दिले नाही. त्यांनी पदवीधर स्त्रियांना प्रश्नपत्रिका पाठविल्या, उत्तरे मागविली, आणि १८८५ साली ७०५ स्त्रियांच्या उत्तरांचा अहवाल प्रसिद्ध केला. शिक्षण घेतलेल्या स्त्रियांची प्रकृती इतर स्त्रियांहून वाईट नाही, हे त्यातून दिसले. हे ७०५ कागद जमले ते कोणी याद्या राखल्या होत्या म्हणूनच. सार्वजनिक वादात ज्याला पुरावा म्हणतात तो पुष्कळदा असा कोणाच्या तरी टेबलाच्या खणात, नीट घड्या घालून ठेवलेल्या पत्रव्यवहारातून निघतो.

याच दशकात या मंडळींचा आपल्याशी संबंध आला. ११ मार्च १८८६ रोजी फिलाडेल्फियाच्या स्त्रियांच्या वैद्यकीय महाविद्यालयातून आनंदीबाई जोशी डॉक्टर होऊन बाहेर पडल्या, त्या समारंभाला पंडिता रमाबाई मुद्दाम इंग्लंडहून गेल्या होत्या. उच्चवर्णीय हिंदू स्त्रीच्या स्थितीवर रमाबाईंनी इंग्रजीत लिहिलेल्या पुस्तकाला त्या महाविद्यालयाच्या प्रमुख रेचल बॉडली यांनी प्रस्तावना लिहिली. १८८७ साली बोस्टन येथे रमाबाईंच्या नावाची संस्था स्थापन झाली, गावोगाव तिची मंडळे निघाली, आणि त्यांच्या वर्गणीच्या बळावर १८८९ च्या मार्चमध्ये मुंबईस शारदा सदन उघडले. या संस्थेवरून पुढे आपल्याकडे जे वादळ उठले तो निराळा विषय आहे; त्यात येथे शिरत नाही. सांगावयाचे ते इतकेच, की ज्या विधवा मुलींची नावेही उच्चारता येणार नाहीत अशांसाठी हजारो कोस दूरच्या स्त्रिया वर्षानुवर्षे पैसे पाठवीत राहिल्या. समावेशाचे याहून मोठे उदाहरण कोणते, असे कोणीही म्हणेल.

परंतु दूरच्याला जवळ करणे हे एका परीने सोपे असते. दूरचा माणूस पंगतीत येऊन शेजारी बसत नाही.

शेजारी बसण्याची वेळ आली तेव्हा काय झाले? १८९७ साली व्हासारमधून अनिता हेमिंग्ज नावाची मुलगी पदवीधर होत होती. हुशार, लाघवी, वर्गात सर्वांना प्रिय. ती वर्णाने गोरी दिसे. वस्तुतः ती कृष्णवर्णीय आईबापांची मुलगी होती आणि ही गोष्ट तिने लपवून ठेविली होती, कारण सांगितली असती तर प्रवेश मिळाला नसता. तिच्याबरोबर खोलीत राहणाऱ्या मुलीच्या वडिलांना संशय आला, त्यांनी गुप्तहेर लावून बोस्टनला तिच्या घराचा छडा लावला. परीक्षेच्या तोंडावर बातमी फुटली, वर्तमानपत्रांत आली. महाविद्यालयाने तिला पदवी दिली, एवढे औदार्य दाखविले. परंतु त्यानंतर चाळीस वर्षांहून अधिक काळ जाणूनबुजून कोणा कृष्णवर्णीय मुलीस तेथे प्रवेश मिळाला नाही. अनिताबाईंची स्वतःची मुलगी पुढे त्याच व्हासारला शिकली, तीदेखील गोरी म्हणवून घेऊनच. ज्या संस्थेवर आपले प्रेम आहे तिच्यात आपल्या लेकीला पाठवावयाचे, पण तिने आपले मूळ सांगावयाचे नाही, हा व्यवहार करताना त्या आईच्या मनाची काय अवस्था झाली असेल याची कल्पना करवत नाही. वर्गाच्या यादीत तिचे नाव होतेच. यादीत नाव असणे आणि त्या नावाच्या माणसाला तेथे उघडपणे असता येणे, या दोन गोष्टी भिन्न आहेत.

आता ज्या प्रकरणासाठी हा लेख मुख्यतः लिहावयास घेतला त्याकडे वळतो.

मेरी चर्च टेरेल यांचा जन्म १८६३ सालचा. त्यांचे आईवडील दोघेही गुलामगिरीत जन्मलेले. मेरीबाई ओबर्लिनला शिकल्या. या महाविद्यालयाने १८३५ सालापासून कृष्णवर्णीय विद्यार्थ्यांना आणि १८३७ सालापासून स्त्रियांना पदवीच्या अभ्यासक्रमात घेतले होते. १८८४ साली त्या पदवीधर झाल्या. १९०४ साली बर्लिनच्या आंतरराष्ट्रीय स्त्री-परिषदेत त्यांनी जर्मन भाषेत भाषण केले. वर उल्लेखिलेल्या पदवीधर स्त्रियांच्या संघाच्या त्या पूर्वी सभासद होत्या. ते सभासदत्व मध्यंतरी सुटले होते. १९२१ पासून हा संघ अमेरिकन असोसिएशन ऑफ युनिव्हर्सिटी विमेन या नावाने देशभर ओळखला जाऊ लागला होता. १९४६ साली, वयाच्या त्र्याऐंशीव्या वर्षी, मेरीबाईंनी त्याच्या वॉशिंग्टन शाखेकडे पुन्हा सभासद करून घेण्यासाठी अर्ज केला. शाखेने तो नाकारला.

वॉशिंग्टन हे तेव्हा वर्णभेदाचे शहर होते. शाळा, नाट्यगृहे, खानावळी, सारे विभागलेले. शाखेचे स्वतःचे क्लबगृह होते, तेथे भोजने होत, चहापाने होत. व्याख्यान ऐकावयास एखादी विदुषी आली तर कोणाची हरकत नव्हती. हरकत होती ती मेजावर शेजारी बसून जेवण्याला. शाखेतल्या स्त्रिया दुष्ट होत्या असे म्हणता येणार नाही. त्या सुशिक्षित होत्या, शहराच्या हिताची कामे करीत होत्या, आणि आपल्यापैकी काही जणींना अवघडल्यासारखे होईल, जुन्या मैत्रिणी दुरावतील, शाखा फुटेल, अशी त्यांना भीती होती. ही भीती खरीच असणार. तिला आम्ही ढोंग म्हणणार नाही. परंतु जगात बहुतेक दारे द्वेषाने लागत नाहीत, ती अवघडलेपणाच्या भीतीने लागतात, हे मात्र या प्रकरणावरून ध्यानात ठेवण्यासारखे आहे.

मध्यवर्ती संघाने शाखेस बजाविले की सभासद होण्यास पदवीवाचून दुसरी अट लावता येणार नाही. मान्य नसेल तर शाखा संघातून बाहेर होईल. शाखा कोर्टात गेली, आणि जिंकली. संघाची तेव्हाची घटना पाहता शाखेला आपले सभासद निवडण्याची मोकळीक होती, असा निर्णय खालच्या न्यायालयाने दिला आणि १९४९ च्या जूनमध्ये अपील न्यायालयाने तो कायम केला. त्याच महिन्यात सिअॅटल येथे संघाचे अधिवेशन भरले. तेथे जमलेल्या प्रतिनिधींनी प्रचंड बहुमताने घटनाच बदलली: मान्यताप्राप्त महाविद्यालयाची पदवी एवढीच सभासदत्वाची अट राहील. वॉशिंग्टनच्या स्त्रियांनी संघ सोडला व आपला निराळा क्लब काढला. संघाने तेथे नवी शाखा उघडली.

सिअॅटलला आलेल्या त्या प्रतिनिधी म्हणजे कोणी मोठ्या पुढारी नव्हत. गावोगावच्या शाखांत पत्रे लिहिणाऱ्या, वर्गण्या गोळा करणाऱ्या, याद्या राखणाऱ्या बायका त्यांत होत्या. त्यांनी मत दिले त्यामुळे आपल्या संघाचा एक मोठा, राजधानीचा, जुना तुकडा तुटणार हे त्यांना ठाऊक होते.

येथे एक आक्षेप येतो, आणि तो हलका नाही. नियम करून माणसाला खोलीत आणता येईल. त्याच्यावर प्रेम करावयास कोणाला भाग पाडता येईल काय? जिव्हाळा हा आतून यावयाचा असतो. घटनेच्या कलमाने भगिनीभाव निर्माण होत नाही. तेव्हा हळूहळू मने तयार करावीत, कोणावर काही लादू नये, हेच शहाणपणाचे, असे पुष्कळ भल्या माणसांना वाटते. आमच्या वाचकांना हा युक्तिवाद परका वाटणार नाही. १९४७ साली साने गुरुजींनी पंढरपूरचे मंदिर सर्वांना खुले व्हावे म्हणून प्राणांतिक उपोषण मांडले, त्याच वर्षी मुंबई प्रांतात मंदिरप्रवेशाचा कायदाही झाला. आणि मने आधी की नियम आधी, हा वाद आपल्या ओसऱ्यांवरही पुष्कळ झालेला आहे.

या आक्षेपाला खरे उत्तर महाविद्यालयाचा वर्ग हाच आहे, असे आम्हांस वाटते. वर्गातल्या मुली एकमेकींना निवडीत नाहीत. कोणाच्या तरी कचेरीत अर्ज छाननी होतात, नावांची एक यादी लागते, आणि सप्टेंबरच्या एका दिवशी अनोळखी मुली ट्रंका घेऊन एका आवारात येऊन पडतात. खोलीत कोण भेटेल, जेवणाच्या मेजावर समोर कोण बसेल, हे त्यांच्या हाती नसते. पहिल्या वर्षी कित्येकींचे एकमेकींशी पटत नाही. आणि तरीही चाळीस वर्षांनी याच स्त्रिया एकमेकींना भगिनी म्हणतात, पत्रे लिहितात, आजारपणात धावून जातात. म्हणजे जिव्हाळा आधी आणि यादी मागाहून, असे येथे घडलेले नाही. यादी आधी झाली. न निवडलेल्या माणसांबरोबर राहावे लागले, आणि त्या राहण्यातून माया उपजली. गोव्याच्या देवस्थानांत महाजनांची वही असते. जन्माने तीत नाव येते, कोणी कोणाला निवडीत नाही, भांडणेही कमी होत नाहीत, तरी पालखीला खांदा देताना शेजारचा खांदा आपलाच वाटतो. (या वहीत कोणाला वाव नाही हा प्रश्न आम्ही विसरलो नाही, तो ज्याचा त्याने आपल्या देवळापुरता विचारावा.) वॉशिंग्टन शाखेच्या स्त्रिया हे विसरल्या की त्यांची स्वतःची सगळी मैत्री अशा न निवडलेल्या सोबतीतून आलेली होती. ज्या शिडीने त्या वर चढल्या तीच त्यांना दुसऱ्यासाठी अस्वाभाविक वाटू लागली.

समुदाय आणि समावेश हे परस्परविरोधी आहेत असे आम्ही वर म्हटले, ते म्हणून अर्धेच खरे आहे. निवडून जमविलेली मंडळी असेल तर विरोध आहे. तेथे प्रत्येक नवा माणूस जुन्यांची सोय मोडतो. परंतु जो समुदाय मुळातच न निवडता बांधला गेला, त्याने नव्या माणसाला ‘तू आमच्या ओळखीचा नाहीस’ असे म्हणणे हे स्वतःच्याच जन्मकथेला नाकारणे आहे.

ज्यांना बाहेर ठेवण्यात आले त्याही स्वस्थ बसल्या नव्हत्या, हे सांगितले नाही तर चित्र अपुरे राहील. कृष्णवर्णीय पदवीधर स्त्रियांनी १९१० सालीच वॉशिंग्टन येथे आपला निराळा संघ स्थापिला. संस्थापिकांत मेरीबाई होत्या. पुढे तो राष्ट्रीय पातळीवर विस्तारला. म्हणजे १९४६ साली मेरीबाईंनी जो अर्ज केला तो मैत्रिणी नव्हत्या म्हणून नव्हे. त्यांना सोबत मागावयाची नव्हती, हक्क मागावयाचा होता. समावेश म्हणजे एकट्या पडलेल्यावर केलेली कृपा, अशी जी भावना स्वयंसेवकांच्या मनात नकळत शिरते, तिला हे एक चांगले औषध आहे. त्यानंतरही त्या थांबल्या नाहीत. १९५० साली वॉशिंग्टनच्या एका खानावळीत त्या सोबत्यांसह जेवावयास गेल्या. त्यांना वाढण्यात आले नाही. त्या प्रकरणाचा निकाल १९५३ साली सर्वोच्च न्यायालयात त्यांच्या बाजूने लागला आणि राजधानीच्या खानावळी सर्वांना खुल्या झाल्या. १९५४ च्या जुलैमध्ये त्या वारल्या.

यादीचे आणखी एक लक्षण सांगावेसे वाटते. यादी ज्यांना पत्र पाठविते त्यांचाच आवाज ऐकू येतो. १९५७ साली स्मिथ महाविद्यालयाच्या १९४२ च्या वर्गाचे पंधरा वर्षांचे संमेलन होते. त्या निमित्ताने बेटी फ्रीडन या वर्गभगिनीने मैत्रिणींच्या मदतीने एक प्रश्नपत्रिका तयार करून वर्गाला पाठविली: तुम्ही सुखी आहात काय, शिकलात त्याचे काय केले, आयुष्यात काय व्हावयाचे राहिले. सुमारे दोनशे उत्तरे आली. वरकरणी सारे काही असलेल्या घरांतून निघालेली ती एक मुकी हळहळ होती. तीतून १९६३ साली जे पुस्तक निघाले त्याने अमेरिकेतील स्त्रियांच्या चळवळीला नवे तोंड फोडले. वर्गाच्या स्वयंसेवेतून इतके मोठे काही निघाल्याचे दुसरे उदाहरण आम्हांस आठवत नाही. तथापि त्या यादीत होत्या त्या बहुतेक उपनगरांतल्या, सुस्थितीतल्या, गोऱ्या गृहिणी. दुसऱ्यांच्या घरी भांडी घासणारी, गिरणीत उभी राहणारी स्त्री त्या यादीत नव्हती. म्हणून तिचे दुःख त्या पुस्तकात जवळजवळ नाही, आणि हा दोष पुढे कृष्णवर्णीय लेखिकांनी स्पष्टपणे दाखविला. फ्रीडनबाईंनी कोणाला मुद्दाम वगळले नव्हते. त्यांनी आपली यादी घेतली, एवढेच.

निधीविषयी थोडेसे. या महाविद्यालयांत वर्गनिधीची रक्कम मोजतात तशीच वर्गातील किती जणींनी काही ना काही दिले हेही मोजतात. पाच डॉलर देणारी आणि पाच हजार देणारी, दोघींची गणना एकेक अशीच होते. ही पद्धत चांगली आहे. परंतु तिच्यामुळे चिटणीसबाईची सुखदुःखाची यादी ही हळूहळू वर्गणीदारांची यादी होऊन बसते, आणि ज्या मैत्रिणीला देण्यासारखे काही नाही ती पत्राचे उत्तर देण्यास संकोचते. उत्सवाची पावतीपुस्तके घेऊन फिरणाऱ्या आमच्या तरुणांना याचा अनुभव असेलच.

यादी आणि दार यांचा हा प्रश्न जुना झाला असे कोणी समजू नये. व्हर्जिनिया राज्यातील स्वीट ब्रायर महाविद्यालयाची हकीकत पाहा. इंडियाना फ्लेचर विल्यम्स या बाईंनी १९०० साली मरताना आपली विस्तीर्ण जमीन, जिच्यावर एके काळी गुलाम राबत होते, मृत मुलीच्या स्मरणार्थ मुलींच्या शिक्षणासाठी ठेविली. मृत्युपत्रात शब्द होता ‘गोऱ्या मुली’. साठांच्या दशकात महाविद्यालयाला कृष्णवर्णीय मुली घ्यावयाच्या होत्या, तर मृत्युपत्र आडवे आले. १९६७ साली न्यायालयाच्या निर्णयाने ती अट निष्प्रभ ठरली. पुढे २०१५ च्या मार्चमध्ये चालकांनी पैशाअभावी महाविद्यालय बंद करण्याचे जाहीर केले. माजी विद्यार्थिनी खवळून उठल्या. त्यांनी वकील लावले, वर्गावर्गांतून निधी उभा केला, आणि विशेष असे की मृत्युपत्राचाच आधार घेऊन सांगितले की दात्रीची इच्छा मोडून ही संस्था बंद करता येत नाही. जूनमध्ये तडजोड झाली, एक कोटी वीस लाख डॉलर माजी विद्यार्थिनींच्या संस्थेने द्यावयाचे ठरले, महाविद्यालय वाचले. त्यानंतर या बायका रजा काढून आवारात आल्या, झाडलोट केली, भिंतींना रंग दिला.

२०२४ साली त्याच महाविद्यालयाच्या चालकांनी प्रवेशाचा नियम प्रसिद्ध केला: जन्मतः स्त्री म्हणून नोंद झालेल्या व स्वतःस स्त्री मानून तसे राहणाऱ्यांनाच यापुढे अर्ज करता येईल. आधार पुन्हा मृत्युपत्राचाच. माउंट होल्योकने २०१४ साली आणि वेलस्ली व स्मिथ यांनी २०१५ साली याच्या उलट, स्त्री म्हणून जगू पाहणाऱ्यांसाठी आपली दारे अधिक उघडली होती. स्वीट ब्रायरच्या प्राध्यापकवर्गाने आणि पुष्कळ माजी विद्यार्थिनींनी नव्या नियमाला विरोध केला. काहींनी त्याचे समर्थनही केले. स्त्रियांचे महाविद्यालय स्त्रियांचेच राहावे यासाठी ज्यांनी नऊ वर्षांपूर्वी रात्रीचा दिवस केला, त्यांना सीमेची काळजी वाटावी यात गैर काही नाही. सीमा नसती तर वाचविण्यासारखे काय उरले असते, हा त्यांचा प्रश्न आम्हांस रास्त वाटतो. परंतु ज्या कागदातला एक शब्द १९६७ साली अन्यायाचा म्हणून खोडावा लागला, त्याच कागदाने पुढचा प्रत्येक प्रश्न सोडवावा, हे आमच्या बुद्धीला पटत नाही. दात्रीने जमीन दिली. तिच्या मृत्यूनंतर शतकभराने येणाऱ्या मुलीला पाहून काय वाटावे, हे मात्र ती कोणाला देऊ शकत नव्हती. ते त्या त्या काळच्या स्त्रियांनी स्वतःच ठरवावयाचे होते आणि आहे.

हा वाद लिहीत असतानाही मिटलेला नाही. विरोधाच्या पत्रावर सही करणारी आणि चालकांचे समर्थन करणारी, दोघी कदाचित एकाच वर्षी पदवी घेतलेल्या असतील, एकाच खोलीत राहिलेल्याही असतील. त्यांच्या वर्गाच्या चिटणीसबाईला यंदाही दोघींना पत्र लिहावयाचे आहे, आणि आलेली उत्तरे नावांच्या आद्याक्षरांच्या क्रमाने छापावयास द्यावयाची आहेत.